निगा दिसली पाहिजे

ऑस्ट्रियातील लिंझ हे डॅन्यूबकाठचे, पोलादाच्या कारखान्यांचे शहर. तिथे १९७९ पासून ‘आर्स इलेक्ट्रॉनिका’ हा कला, तंत्रज्ञान आणि समाज यांचा महोत्सव भरतो. पहिली वीस वर्षे तिथे मुख्यतः संगणक, इलेक्ट्रॉनिक संगीत आणि नाना तऱ्हेची यंत्रे मांडली जात. १९९९ साली महोत्सवाने जीवविज्ञान हा विषय घेतला आणि दालनांत यंत्रांच्या शेजारी सजीव येऊन बसले. एदुआर्दो काक या मूळच्या ब्राझीलच्या कलावंताने तिथे ‘जेनेसिस’ ही कलाकृती मांडली. माणसाला साऱ्या जीवसृष्टीवर सत्ता दिल्याचे सांगणारे बायबलमधले एक वाक्य त्याने मोर्स लिपीत उतरवले, त्या टिंबरेघा डीएनएच्या चार अक्षरांत बसवल्या, तसा जनुक प्रयोगशाळेत बनवून घेतला आणि ई. कोलाय जिवाणूंमध्ये घातला. जिवाणू पेट्री डिशमध्ये वाढत होते, त्यांची प्रतिमा भिंतीवर मोठी करून दाखवली जात होती, आणि इंटरनेटवरून कुणालाही कळ दाबून त्यांच्यावर अतिनील प्रकाश टाकता येत होता. अतिनील किरणांमुळे डीएनएत बदल होतात. नंतर तो जनुक पुन्हा वाचला गेला, तेव्हा मूळ वाक्यातली काही अक्षरे बदललेली निघाली. म्हणजे सत्तेचे ते वाक्य बदलायचे, तर आधी एका जिवावर सत्ता गाजवावी लागत होती. कळ दाबणाऱ्याला हा पेच कुणी समजावून सांगावा लागला नाही.

पुढच्याच वर्षी, २००० साली, ओरॉन कॅट्स आणि आयोनॅट झुर या कलावंतांच्या जोडीने लिंझला चिमुकल्या बाहुल्या आणल्या. ग्वातेमालात मुले झोपताना अशा बाहुल्यांना आपल्या काळज्या सांगतात आणि त्या उशाखाली ठेवतात. त्याच आकाराचा, कालांतराने विरघळणाऱ्या पॉलिमरचा सांगाडा शस्त्रक्रियेच्या दोऱ्याने शिवून त्यावर जिवंत पेशी वाढवलेल्या होत्या. पेशी पसरतील तसतसा सांगाडा विरघळावा, अशी योजना. पोर्तुगालच्या मार्ता द मेनेझेस यांनी त्याच महोत्सवात जिवंत फुलपाखरे मांडली. फुलपाखरू कोषात असतानाच त्याच्या एका पंखावर बारीक सुईने काम करून त्यांनी डोळ्यासारख्या ठिपक्यांची नक्षी बदलली होती. दुसरा पंख निसर्गाने दिला तसाच ठेवला होता. जनुकांना हात लावलेला नसल्याने हा बदल पुढच्या पिढीत जात नाही. फुलपाखरू मेले की ती नक्षीही संपते.

जिवाणू, पेशी, फुलपाखरू यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, पण प्रदर्शनात आणले की तिघांनाही रोज कुणीतरी सांभाळावे लागते. चित्र भिंतीवर टांगून, दिवे मालवून घरी जाता येते. इथे तशी सोय नाही. विज्ञानाच्या सार्वजनिक महोत्सवात जिवंत कलाकृती मांडण्याचे खरे समर्थन या सांभाळण्यातच आहे, असे माझे मत आहे. जीवतंत्रज्ञानाबद्दल आपल्याला बातम्यांतून जे कळते, ते निकालाच्या स्वरूपात कळते: अमुक जनुक सापडला, तमुक अवयव काचेत वाढवला. त्यामागे रोज कोण काय करतो, कशाने बिघडते, नको झालेल्या जिवाचे पुढे काय होते, हे बातमीत येत नाही. जिवंत कलाकृती ते दाखवू शकते. मात्र त्यासाठी तिची निगा, त्या निगेतले अपयश आणि शेवटी तो जीव कुणी, कधी, कसा संपवला, हे सारे प्रेक्षकांसमोर घडले पाहिजे. ते पडद्याआड ठेवून नुसती उजळलेली काचपेटी पुढे केली, तर तो जीव तिथे विनाकारण आणला गेला असे मी म्हणेन.

ही निगा म्हणजे काय, ते तपशिलात पाहण्यासारखे आहे. सस्तन प्राण्याच्या पेशी शरीराबाहेर जगवायच्या तर ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि साधारण ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेला इनक्युबेटर लागतो. पेशी ज्या पोषकद्रवात बुडलेल्या असतात, त्यात बहुधा फिनॉल रेड नावाचा रंग घालतात. द्रव ताजा असतो तेव्हा तो लालसर दिसतो. पेशींनी अन्न संपवून आम्ल सोडले की पिवळा पडतो. तो पिवळा पडण्याच्या आत बदलायचा, शनिवार-रविवार असो की सण. पेशींनी भांडे भरून टाकले की त्यातल्या थोड्या उचलून ताज्या द्रवात घालायच्या. कालच्या दह्यातले चमचाभर आजच्या दुधाला लावावे, तशीच ही परंपरा चालू ठेवावी लागते आणि एक दिवस चुकला तर तुटते. शरीराबाहेरच्या पेशींना रोगप्रतिकारशक्तीचे कवच नसते. हवेतला बुरशीचा एक कण आत गेला तरी दोन-तीन दिवसांत सगळा खेळ संपतो. म्हणून हातमोजे, गाळलेल्या हवेचा झोत सोडणारे टेबल, दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेली भांडी. कॅट्स आणि झुर यांनी हे सारे प्रदर्शनाच्या दालनातच मांडले आणि पेशींना अन्न देण्याचे काम ठरलेल्या वेळी लोकांसमोर केले. पाहणारा माणूस बाहुली पाहायला येतो आणि अर्धा तास एका माणसाच्या हातातली पिपेट पाहत थांबतो. मला या प्रकारच्या कलेतला हा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

प्रदर्शन संपले की त्या अर्धजिवंत आकृतींचे काय करायचे, याचेही उत्तर या जोडीने उघडपणे दिले. त्यांना परत नेणे शक्य नसे. शेवटच्या दिवशी बंद पात्र उघडून प्रेक्षकांना त्या पेशींना हात लावू दिला जाई. आपल्या हातांवरचे आणि हवेतले जंतू त्यांना मारायला पुरेसे असतात. एवढी वाढवलेली गोष्ट आपल्या बोटाच्या स्पर्शाने मरते, हे कळल्यावर काही जण अस्वस्थ होत, आणि ते अस्वस्थ होणे योग्यच होते. प्रयोगशाळेत अशा पेशी रोज कचऱ्यात जातात. ते चूक आहे असे मुळीच नाही. पण जे रोज होते ते पाहण्याची संधी नागरिकाला मिळाली, तर ‘जिवंत’ म्हणजे किती जिवंत, कुणाला किती मान द्यायचा, हा विचार त्याला स्वतः करावा लागतो.

२००८ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये याच जोडीचा ‘व्हिक्टिमलेस लेदर’ नावाचा, जेमतेम दोन इंचांचा कोट काचपात्रात वाढत होता. उंदराच्या पेशींचा तो कोट अपेक्षेपेक्षा भराभर वाढू लागला, नळ्या तुंबू लागल्या, एक बाही सुटू लागली. शेवटी क्युरेटर पाओला अँतोनेल्ली यांना पोषण बंद करायचा निर्णय घ्यावा लागला. पेशींना जाणीव नसते, वेदना नसतात. तरीही कलाकृतीचे ‘मरण’ वर्तमानपत्रांचा विषय झाले, आणि पेशीसंवर्धन म्हणजे काय हे ज्यांनी कधी ऐकलेही नसेल अशा वाचकांपर्यंत ते पोचले. संग्रहालयाने हा प्रकार झाकला नाही. कलाकृती बिघडली म्हणून प्रदर्शन फसले, असा हिशेब इथे लागू पडत नाही.

कलेच्या दालनात विचारलेला प्रश्न पुढे बाजारात येतो, याचा सर्वांत स्पष्ट दाखला फ्रान्समधल्या नांतचा आहे. तिथे २००३ साली कॅट्स आणि झुर यांनी बेडकाच्या स्नायूपेशी पॉलिमरवर वाढवून त्यांचे छोटे मांसखंड तयार केले. जिवंत बेडूकही त्याच दालनात ठेवलेले होते. शेवटच्या दिवशी ते मांस शिजवून पाहुण्यांना वाढले गेले, काहींनी घास थुंकून टाकला, आणि बेडकांना गावातल्या वनस्पती उद्यानाच्या तळ्यात सोडून दिले गेले. संशोधक मार्क पोस्ट यांचा प्रयोगशाळेत वाढवलेल्या गोमांसाचा बर्गर लंडनमध्ये लोकांसमोर शिजला तो ऑगस्ट २०१३ मध्ये. पेशींपासून वाढवलेले कोंबडीचे मांस विकायला सिंगापूरने परवानगी दिली २०२० साली. म्हणजे नांतच्या त्या जेवणाला दहा-सतरा वर्षे उलटल्यावर जगाला हा विषय नवा वाटत होता. त्याहून महत्त्वाचे असे की ‘जीव न घेता मांस’ या कल्पनेतली खोच कलावंतांनीच आधी उघड केली होती. त्या काळी अशा पेशी वाढवायला गर्भातल्या वासराच्या रक्तापासून काढलेला सीरम लागे. तो कत्तलखान्यातून येतो. बळी नाहीसा झालेला नव्हता, फक्त नजरेआड गेला होता. पुढे या उद्योगाला सीरमशिवाय पेशी वाढवण्यासाठी बराच खटाटोप करावा लागला. पोषकद्रवाच्या बाटलीवर काय लिहिले आहे, हे दालनात वाचायला मिळणे किती उपयोगाचे असते, ते यावरून कळावे.

जिवंत कलाकृतींवर पहिला आक्षेप प्राण्यांच्या छळाचा घेतला जातो, आणि तो अगदी खरा आहे. २००० साली डेन्मार्कमधील कोल्डिंगच्या ट्रापहोल्ट संग्रहालयात मार्को एव्हारिस्ती या कलावंताने दहा मिक्सरमध्ये पाणी भरून गोल्डफिश सोडले आणि बटण दाबायचे की नाही हे प्रेक्षकांवर सोपवले. कुणीतरी दाबले. संग्रहालयाच्या संचालकांवर खटला झाला. २००३ मध्ये ते निर्दोष सुटले. २०१२ साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये डेमियन हर्स्टच्या दोन खोल्यांत तेवीस आठवड्यांत नऊ हजारांहून अधिक फुलपाखरे मेली. मेलेल्यांच्या जागी नवी आणली जात होती. २०१७ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने चिनी कलेच्या प्रदर्शनातून प्राण्यांशी संबंधित तीन कलाकृती लोकांच्या विरोधामुळे काढून घेतल्या. या उदाहरणांचा बचाव मी करणार नाही. कायद्याने माफ केले म्हणून मासे मिक्सरमध्ये घालणे योग्य ठरत नाही. ज्याला वेदना होते असा जीव केवळ प्रेक्षकाची परीक्षा पाहण्यासाठी वापरला, तर ते दालन विज्ञानाचे असो वा कलेचे, तिथे निगेला जागाच उरत नाही. जीव मरणार, मेला की दुसरा आणायचा, असे आधीच धरून चाललेले असते. माझी कसोटी साधी आहे: या जिवाला काय लागते याचा विचार करून कलाकृती आखली आहे की कलाकृतीला काय लागते त्यानुसार जीव वापरला आहे? नांतचे बेडूक या कसोटीवर उतरतात, ट्रापहोल्टचे मासे उतरत नाहीत. द मेनेझेस यांची फुलपाखरे मधे कुठेतरी राहतात, आणि त्यांच्याबद्दल विचारी माणसांत मतभेद राहणार हे मला मान्य आहे. जिवाणू, बुरशी, वनस्पती आणि सुट्या पेशी यांच्याबाबत मात्र छळाचा आक्षेप ताणून लावण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि इथे गर्दीच्या महोत्सवाचा प्रश्न संग्रहालयापेक्षा कठीण होतो. बहुतेक आयोजक ‘हे जिवाणू निरुपद्रवी आहेत’ एवढी पाटी लावून मोकळे होतात. ते पुरेसे नाही, कारण निरुपद्रवी हा शिक्का आपल्या त्या त्या वेळच्या ज्ञानावर उभा असतो. सेरेशिया मार्सेसेन्स हा लाल रंग निर्माण करणारा जिवाणू एके काळी इतका निर्धोक समजला जाई की १९५० साली अमेरिकी नौदलाने जैविक हल्ल्याचा अंदाज घेण्यासाठी तो सान फ्रान्सिस्को शहरावर फवारला. आज तो दुबळ्या रुग्णांना संसर्ग करणारा जिवाणू म्हणून रुग्णालयांना चांगला ठाऊक आहे. म्हणून काक यांच्या कामात वापरली तशी प्रयोगशाळेतली दुबळी जात, बंद पात्र, प्रशिक्षित माणूस आणि शेवटी निर्जंतुकीकरण, या चारही गोष्टी एकाच वेळी हव्यात. एकावर विसंबून चालणार नाही.

पण सुरक्षिततेच्या नावाखाली दुसऱ्या टोकालाही जाता येते. मे २००४ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात स्टीव्ह कर्ट्झ या कलावंताची पत्नी हृदयक्रिया बंद पडून वारली. मदतीला आलेल्यांना घरात पेट्री डिश आणि उपकरणे दिसली, आणि केंद्रीय तपास यंत्रणेने घर ताब्यात घेतले. कर्ट्झ त्या वेळी एका संग्रहालयातल्या प्रदर्शनाची तयारी करत होता. दहशतवादाचा संशय टिकला नाही. मग जिवाणू मिळवण्यात टपाल आणि तारेद्वारे फसवणूक केल्याचा आरोप ठेवला गेला आणि तो न्यायालयाने रद्द करायला २००८ साल उजाडले. ज्या समाजाने पेट्री डिश कधी जवळून पाहिलेली नसते, त्याला ती पाहताच विषाची शंका येते. उघड्या दालनात, माहितगार माणसाच्या देखरेखीखाली ती पाहण्याची सवय झाली, तर खरा धोका आणि नुसती भीती यांत फरक करणे सोपे जाईल. सुरक्षिततेच्या कारणासाठीच हे काम लोकांसमोर यायला हवे, असे मला वाटते.

काही वैज्ञानिक वेगळ्या बाजूने हरकत घेतात. एवढा खर्च आणि जोखीम कशासाठी, चांगली चित्रफीत दाखवली की काम झाले, असे त्यांचे म्हणणे. काही वेळा ते बरोबरच असते. ब्रिटनच्या ॲना दुमित्रिऊ यांनी ‘प्लेग ड्रेस’ केला, त्यात प्लेगच्या मारलेल्या जिवाणूंचे डीएनए आहे. तिथे जिवंत जिवाणू वापरणे अक्षम्य ठरले असते, आणि कलाकृतीचे त्यामुळे काही बिघडले नाही. पण चित्राची स्वतःची एक फसवणूक असते. काक यांच्याच ‘अल्बा’ सशाचे उदाहरण घ्या. जेलीफिशमधल्या चमकणाऱ्या प्रथिनाचा जनुक असलेला हा ससा २००० साली फ्रान्समधल्या आव्हीन्यों इथे लोकांसमोर येणार होता. संबंधित सरकारी संशोधन संस्थेने तो बाहेर नेऊ दिला नाही. मग जगभर फिरला तो फक्त त्याचा फोटो: नखशिखांत पोपटी हिरवा ससा. असा ससा विशिष्ट निळ्या प्रकाशाखालीच चमकतो, आणि त्या फोटोइतका खरोखर चमकतो का, याबद्दल तिथल्या संशोधकानेच शंका घेतली. ससा दालनात असता तर लोकांनी बहुतेक वेळ एक साधा पांढरा ससा गाजर खाताना पाहिला असता. दालनात आणायला तो ससा योग्य होता की नाही, हा वेगळा वाद. पण चित्राने अतिशयोक्ती वाढवली आणि जिवंत प्राण्याने ती कमी केली असती, एवढे नक्की.

खरोखर जिवंत वस्तू मांडायची ठरवली, की महोत्सवाच्या वेळापत्रकाशी तिची झटापट सुरू होते, आणि त्यातून कितीतरी शिकायला मिळते. पायरोसिस्टिस नावाचे समुद्रातले एकपेशीय जीव पाणी हलवले की निळे चमकतात. पण त्यांच्या शरीरात दिवसरात्रीचे घड्याळ असते आणि ते रात्रीच चमकतात. दुपारी येणाऱ्या शाळकरी मुलांना ती चमक दाखवायची तर आठवडाभर आधीपासून त्यांची रात्र दिवसा आणि दिवस रात्री करावा लागतो, म्हणजे रात्रभर दिवे आणि सकाळपासून अंधार. कोकणच्या किनाऱ्यावर काही रात्री लाटा निळ्या उजळतात, तो उजेड मुख्यतः नॉक्टिलुका या त्यांच्या नातलगाचा. ज्याने ती लाट पाहिली आहे त्याला हे काचेतले पाणी परके वाटणार नाही, आणि सजीवाचे घड्याळ हा विषय एरवी पाठ्यपुस्तकात जितका कोरडा वाटतो तितका इथे वाटणार नाही.

महाराष्ट्रात हे सारे दूरच्या देशाचे कौतुक म्हणून पाहण्याचे कारण नाही. जळगावच्या केळी उत्पादकाला टिश्यू कल्चर हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही. काचेच्या बाटलीत, जेलीसारख्या खाद्यावर वाढलेली रोपे त्याच्या शेतात उभी आहेत. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडद इथे महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात विज्ञान प्रदर्शन भरते आणि आसपासच्या गावांतून मुलांची रीघ लागते. अशा ठिकाणी पहिल्याच फटक्यात जनुकबदल केलेले जीव आणायला मी सांगणार नाही. त्यासाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम आहेत, संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते, आणि ते नियम कडक आहेत हे चांगलेच आहे. सुरुवातीला फायसेरम नावाचा पिवळा स्लाइम मोल्ड पुरे. तो ओटच्या दाण्यांवर जगतो, माणसाला अपाय करत नाही, आणि अनुकूल स्थितीत तासाला सेंटिमीटरभर सरकतो. तोशियुकी नाकागाकी आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की भूलभुलय्याच्या दोन टोकांना अन्न ठेवले तर मेंदू नसलेला हा जीव त्यांना सर्वांत जवळच्या वाटेने जोडतो. २०१० साली तोक्योभोवतीच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे ठेवल्यावर त्याने तिथल्या रेल्वेजाळ्यासारखेच जाळे विणले. महाराष्ट्राचा नकाशा अगारवर आखून, जिल्ह्याच्या गावांवर दाणे ठेवून हा प्रयोग एखाद्या कलाशाळेने आणि जीवशास्त्र विभागाने मिळून करायला काहीच हरकत नाही.

ते करताना दाणे कोण ठेवते, ओलावा कोण तपासते, बुरशी लागलेली डिश कधी टाकून दिली, याची वही नकाशाशेजारीच उघडी ठेवावी, आणि ती मुलांनाही भरू द्यावी. शेवटच्या दिवशी सगळ्या डिश ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंशांच्या वाफेत वीस मिनिटे ठेवायच्या असतात. ऑटोक्लेव्ह मागच्या खोलीत ठेवण्याची रीत आहे. तो माहितगार माणसाच्या ताब्यात, हाताच्या अंतरापलीकडे, पण पुढच्या दालनात मांडावा आणि त्याची वेळ कार्यक्रमपत्रिकेत छापावी.